एन्डेव्हरवर शास्त्रज्ञ कोण होते आणि काम कोण करत होतं?

प्रश्न थोडक्यात असा: कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत (1768 ते 1771) एन्डेव्हर जहाजावर शास्त्रज्ञ म्हणून कोण कोण होते, डुलत्या जहाजावर त्यांचं काम चालायचं कसं, आणि सगळं नाव एकट्या जोसेफ बँक्सचंच का घेतलं जातं? माझी नोकरी हर्बेरियममधली. वनस्पती गोळा करायच्या, दाबून वाळवायच्या, शीटवर चिकटवायच्या, लेबल लावून कपाटात ठेवायच्या. त्यामुळे उत्तर त्या बाजूनं देतो. इतिहासकार कदाचित वेगळीकडून सुरुवात करेल.

आधी एक घोळ दूर करतो. जहाजावर शास्त्रज्ञांचा एकच गट नव्हता, दोन होते, आणि त्यांचे मालक वेगळे होते.

पहिलं काम खगोलशास्त्राचं. 3 जून 1769 ला शुक्राचं अधिक्रमण होणार होतं, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचा ठिपका सरकताना दिसणार होता. पृथ्वीवरच्या एकमेकांपासून लांब ठिकाणांहून त्याच्या वेळा टिपल्या की सूर्याचं अंतर काढता येतं. ही संधी हुकली असती तर पुढची थेट 1874 मध्ये. म्हणून रॉयल सोसायटीनं, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं, राजाकडून पैसे मिळवले, नौदलानं जहाज दिलं. सोसायटीला अलेक्झांडर डॅलरिंपलला कप्तान करायचं होतं, पण नौदलाबाहेरच्या माणसाच्या हातात जहाज द्यायला नौदल तयार होईना. मग जेम्स कुकला लेफ्टनंट करून पाठवलं. जहाज इंग्लंडमधल्या व्हिटबी बंदराचं, मूळचं कोळसा वाहणारं, तळ सपाट, पोट मोठं. दिसायला बेढब, पण सामान भरपूर मावायचं आणि किनाऱ्यावर ओढून दुरुस्त करता यायचं. हा दुसरा गुण पुढे ऑस्ट्रेलियात सगळ्यांचा जीव वाचवून गेला.

निरीक्षक म्हणून चार्ल्स ग्रीन होता, ग्रीनिच वेधशाळेतला. त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. त्या सफरीत जहाजावर क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरही अचूक वेळ दाखवणारं घड्याळ, नव्हता. रेखांश काढायचा तर चंद्र आणि सूर्य किंवा एखादा तारा यांमधलं कोनीय अंतर मोजायचं आणि नॉटिकल अल्मनॅक या दर्यावर्दींच्या पंचांगाची कोष्टकं घेऊन आकडेमोड करत बसायचं. ग्रीननं हे काम स्वतः तर केलंच, वर अधिकाऱ्यांना आणि शिकाऊ पोरांनाही बसवून शिकवलं. न्यूझीलंडचा नकाशा एवढा अचूक निघाला त्यात कुकच्या हाताइतकाच ग्रीनच्या या शिकवणीचा वाटा आहे. अधिक्रमणाचं निरीक्षण मात्र मनासारखं झालं नाही. शुक्राच्या कडेभोवती धूसर सावली दिसल्यामुळे तो सूर्यबिंबाला नेमका कधी टेकला हे सांगता येईना, आणि शेजारी उभं राहून पाहणाऱ्या ग्रीन आणि कुक यांच्या वेळा जुळल्या नाहीत.

दुसरा गट बँक्सचा. बँक्स तेव्हा 25 वर्षांचा, लिंकनशरचा गडगंज जमीनदार. तो नौदलाचा नोकर नव्हता, स्वतःच्या खर्चानं आला होता, आणि आपल्यासकट नऊ माणसं आणि दोन शिकारी कुत्रे घेऊन जहाजावर चढला. डॅनियल सोलँडर स्वीडिश, वनस्पती-प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसचा शिष्य, ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला. हर्मन स्पोरिंग फिनलंडचा, कागदोपत्री कारकून, पण घड्याळाची दुरुस्ती येणारा आणि चित्रंही उत्तम काढणारा. सिडनी पार्किन्सन एडिंबराचा, वनस्पती-प्राण्यांचा चित्रकार. अलेक्झांडर बकन देखाव्यांचा आणि माणसांचा चित्रकार. आणि चार नोकर: जेम्स रॉबर्ट्स, पीटर ब्रिस्को, टॉमस रिचमंड, जॉर्ज डॉर्ल्टन. शेवटचे दोघे कृष्णवर्णीय होते.

सामानाची यादी वाचून मला आजही हेवा वाटतो. लंडनच्या जॉन एलिसनं लिनिअसला पत्रानं कळवलं होतं की निसर्गाच्या अभ्यासासाठी इतक्या तयारीनं आजवर कुणी समुद्रावर गेलेलं नाही. ग्रंथालय, कीटक पकडायची साधनं, तऱ्हेतऱ्हेची जाळी, प्रवाळ ओढायचे आकडे, तळ बघायला पाण्यात बुडवायची दुर्बीण, प्राणी दारूत ठेवायला घट्ट बुचाच्या बाटल्यांच्या पेट्या, बिया टिकवायला मीठ आणि मेण. बँक्सला यासाठी दहा हजार पौंड खर्च आला असं एलिसनं लिहिलं आहे. हा आकडा त्यानं ऐकीव सांगितलेला, तेव्हा तोलूनमापून घ्यावा.

आता काम कसं चालायचं ते. प्रश्नाचा हाच भाग मला सगळ्यात जवळचा.

बँक्सनं पुढे एका पत्रात दिनक्रम सांगितला आहे. सकाळी आठच्या सुमारास बसायचं ते दुपारी दोनपर्यंत. मग जेवण. चार-पाच वाजता, केबिनमधला जेवणाचा वास गेला की पुन्हा अंधार पडेपर्यंत. जागा म्हणजे जहाजाच्या मागच्या अंगाची मोठी केबिन. नियमानं ती कप्तानाची, पण कुकनं ती या लोकांबरोबर वाटून घेतली. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला बँक्स आणि सोलँडर, समोर पार्किन्सन. ताजी वनस्पती किंवा मासा टेबलावर आला की सोलँडर वर्णन सांगणार, पार्किन्सन चित्र काढणार, स्पोरिंग नीट वहीत उतरवणार. जमीन लांब राहिली आणि ताजं काही उरलं नाही की जुनी वर्णनं पुरी करायची, पुस्तकांशी ताडून बघायची.

म्हणजे एक नमुना चार हातांतून जात होता. गोळा करणारा, ओळखणारा, चित्र काढणारा, लिहून ठेवणारा. आमच्या धंद्यात यातला एक हात नसला तर उरलेल्या तिघांचं काम अर्धं वाया जातं. नाव-गाव-तारीख नसलेला नमुना म्हणजे वाळका पाला. एन्डेव्हरची सगळी गोष्ट, चांगली आणि वाईट, मला या साखळीतून कळते.

पार्किन्सनचं उदाहरण घ्या. जहाज न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा रोज इतक्या नव्या वनस्पती येऊ लागल्या की पुरी चित्रं काढणं अशक्य झालं. फुलं सुकू नयेत म्हणून ती ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवायची. पार्किन्सन पेन्सिलीनं आराखडा काढायचा, एखादं पान, एखादी पाकळी, देठाचा तुकडा तेवढा रंगवायचा, आणि बाकीचे रंग शब्दांत टिपून ठेवायचा, पुढेमागे चित्र पुरं करता यावं म्हणून. मे 1770 मध्ये बँक्सनं नोंद केली की चौदा दिवसांत या एका माणसानं 94 रेखाटनं केली. वाळलेल्या नमुन्यात रंग उडतो, फुलाचा आकार चपटा होतो. आज लंडनमधल्या शीटवरचं फूल तपकिरी दिसतं. ते मुळात कसं होतं हे कळतं ते पार्किन्सनच्या त्या रंगवलेल्या एका पाकळीवरून. ताहितीत तर माश्या त्याचा रंग ओला असतानाच कागदावरून चाटून खायच्या. शेवटी त्याला टेबल-खुर्चीसकट मच्छरदाणीत बसवावं लागलं, आणि तेही पुरेना.

वाळवण्याची कथा याहून कठीण. सह्याद्रीत पावसाळ्यात नमुने गोळा केलेल्या कुणालाही विचारा. टीपकागद रोज बदलायचा, ओला झालेला वाळवायचा, आणि एक दिवस आळस केला की दुसऱ्या दिवशी पानावर बुरशी. ही मंडळी ते काम महिनोन्महिने समुद्रावर करत होती, खारट दमट हवेत. ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बेमध्ये नमुने इतके साठले की ते खराब होतील अशी धास्ती वाटू लागली. 3 मे 1770 चा अख्खा दिवस बँक्सनं त्यासाठीच दिला. वाळवणाचे कागद, जवळजवळ 200 दस्ते, बहुतेक भरलेले, किनाऱ्यावर नेले, एका शिडावर उन्हात पसरले, दिवसभर उलटेपालटे केले आणि रात्री परत चढवले. त्यातला बराचसा कागद म्हणजे मिल्टनच्या महाकाव्यावरच्या टीकेचे न बांधलेले छापील ताव, लंडनमध्ये रद्दी म्हणून घेतलेले. काही नमुने अजूनही त्या छापील पानांत आहेत. आम्हीही वर्तमानपत्रंच वापरतो, तेव्हा यात मला नवल वाटत नाही. पण दोन दस्ते उलटताना हाताची काय गत होते हे माहीत असलेला माणूस 200 दस्त्यांपुढे हात जोडेल. ते ओझं एकट्या बँक्सनं वाहिलेलं नाही एवढंही त्याला कळेल.

पुढच्याच महिन्यात, 11 जूनच्या रात्री, जहाज ग्रेट बॅरियर रीफवर आदळलं. तोफा, लोखंड, दगडी भार समुद्रात टाकला. सुटका झाल्यावर शिडाला लोकर आणि दोरखंडाचा काथ्या चिकटवून ते बुडाखालून भोकावर ओढलं. हे काम जोनाथन मंकहाउस या पोरसवदा मिडशिपमननं, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यानं, करवून घेतलं. जहाज नदीच्या मुखात, आज जिथे कुकटाउन आहे तिथे, किनाऱ्यावर चढवलं. दुरुस्तीसाठी पुढची बाजू वर उचलली तसं आतलं पाणी मागच्या बाजूला गेलं, आणि नेमके तिथे बिस्किटांच्या कोठारात बँक्सनं सुरक्षित म्हणून नमुने ठेवलेले होते. ते भिजले. बरेच वाळवून वाचवले, काही गेले.

आता ज्यांची नावं सहसा यादीच्या तळाशी येतात त्यांच्याबद्दल.

जानेवारी 1769 मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फुएगोत, बँक्सची टोळी उंचावरच्या वनस्पती शोधायला डोंगरावर गेली. वरून हिरवळ वाटली ती प्रत्यक्षात कमरेएवढी झुडपं आणि खाली दलदल. वाटेत बकनला अपस्माराचा झटका आला. उन्हाळा असूनही बर्फ पडू लागला. सोलँडर स्वीडनचा, थंडी ओळखणारा. त्यानं सगळ्यांना बजावलं की जो बसेल तो झोपेल आणि झोपेल तो उठणार नाही. आणि सगळ्यात आधी तोच आडवा झाला. त्याला ओढून नेऊन वाचवलं. रिचमंड आणि डॉर्ल्टन मागे राहिले, सकाळी दोघेही मेलेले सापडले. नमुने गोळा करणं म्हणजे सोलँडरची नजर आणि बँक्सचा पैसा एवढंच नसतं. ते ओझं कुणाच्या तरी पाठीवर असतं. बकनही तीन महिन्यांनी ताहितीत पोचल्यावर चार दिवसांत गेला, आणि माणसांची-देखाव्यांची चित्रंही पार्किन्सन-स्पोरिंग यांच्या गळ्यात पडली.

स्पोरिंगबद्दल एकच प्रसंग सांगतो. ताहितीत अधिक्रमणाच्या महिनाभर आधी पहाऱ्यातल्या तंबूतून क्वाड्रंट, म्हणजे आकाशातले कोन मोजायचं उपकरण, चोरीला गेला. ते उपकरण नाही तर निरीक्षण नाही. बँक्स आणि ग्रीन मैलोन्‌मैल पायपीट करून ते परत घेऊन आले, पण सुटे भाग झालेलं. ते दुरुस्त कुणी केलं? कारकून म्हणून आणलेल्या स्पोरिंगनं, घड्याळजीच्या हत्यारांनी. सरकारी खगोलशास्त्राचं काम बँक्सच्या पगारी माणसानं वाचवलं. न्यूझीलंडजवळच्या एका बेटाला कुकनं त्याचं नाव दिलं होतं. नकाशावर आता ते पौरेवा आहे.

आणि तुपाइया. त्याला शास्त्रज्ञांच्या यादीत घालू नये असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. तो राइआतेआ बेटाचा, तिथल्या तापुतापुआतेआ या मोठ्या देवस्थानाचा पुजारी आणि दर्यावर्दी. बोरा बोराच्या लोकांनी त्याचं बेट जिंकल्यावर ताहितीत आश्रयाला आलेला. जुलै 1769 मध्ये तो ताइआता नावाच्या मुलाला घेऊन एन्डेव्हरवर चढला. सरकार याचा खर्च देणार नाही म्हणून कुक नाखूश होता, बँक्सनं जबाबदारी घेतली. त्याचं कारण मात्र बँक्सनं स्वतःच्या डायरीत लिहिलं आहे: शेजारपाजारचे लोक सिंह-वाघ पाळतात, तसा मी याला कौतुकाची वस्तू म्हणून का ठेवू नये! वाचून चीड येते. पण हेही खरं की हे वाक्य लपवायची गरज बँक्सला वाटली नाही.

तुपाइयाच्या सांगण्यावरून पॅसिफिकमधल्या 74 बेटांचा नकाशा तयार झाला. त्यात हजारो किलोमीटर पसरलेली बेटं आहेत, आणि तो युरोपीय नकाशासारखा वाचता येत नाही म्हणून त्यावर अजून वाद चालू आहेत. जहाज कुठेही असो, ताहिती कोणत्या बाजूला हे तो बोट दाखवून सांगायचा. न्यूझीलंडला पोचल्यावर पहिल्याच दिवसांत गोळीबार होऊन माओरी माणसं मारली गेली. तुपाइया बोलायला लागला आणि त्याचं बोलणं माओरींना समजलं, तेव्हा पुढचं सगळं शक्य झालं: पाणी, अन्न, वनस्पती, माहिती. त्यानं चित्रंही काढली. एक माओरी मोठा लॉबस्टर देतो आहे आणि टोपीवाला इंग्रज त्याच्या बदल्यात कापड पुढे करतो आहे, असं त्याचं एक चित्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या चित्रमालेचा कर्ता कोण हे दोनशेहून जास्त वर्षं कुणाला माहीत नव्हतं. बँक्सच्या 1812 च्या एका पत्रात त्याचा उलगडा सापडला, तो 1997 मध्ये. कुक 1773 मध्ये पुन्हा न्यूझीलंडला गेला तेव्हा किनाऱ्यावरचे लोक विचारत होते, तुपाइया कुठे आहे?

तो बटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डिसेंबर 1770 मध्ये वारला होता. आधी ताइआता गेला, काही दिवसांनी तो. बटेव्हियाला पोचेपर्यंत सफरीत स्कर्व्हीनं, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्यानं खलाशांना होणाऱ्या रोगानं, माणूस मेलेला नव्हता. पण दुरुस्तीसाठी बटेव्हियात थांबलेल्या दोन-अडीच महिन्यांत हिवताप आणि आमांशानं ती कसर भरून काढली. तिथे सात जण गेले, आणि तिथून आफ्रिकेच्या टोकाला केपकडे जाताना आणखी वीसहून जास्त. जानेवारी 1771 च्या अखेरीस एका आठवड्याच्या आत स्पोरिंग, पार्किन्सन आणि ग्रीन तिघेही वारले. जोनाथन मंकहाउसही त्याच प्रवासात गेला. जुलैत जहाज इंग्लंडला लागलं तेव्हा बँक्सच्या नऊ जणांपैकी चार जिवंत होते: बँक्स, सोलँडर, ब्रिस्को, रॉबर्ट्स.

श्रेयाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. जे मेले ते बोलू शकले नाहीत, आणि जो वाचला तो श्रीमंत, देखणा, बोलका होता. लंडनच्या वर्तमानपत्रांत ती बँक्स आणि सोलँडरची सफर झाली, कुकसुद्धा मागे पडला. पार्किन्सनच्या कागदपत्रांवरून त्याचा भाऊ आणि बँक्स यांच्यात जाहीर भांडण झालं, आणि भावानं 1773 मध्ये ती डायरी छापून टाकली.

उरलेलं अर्धं उत्तर जरा विचित्र आहे. वैज्ञानिक श्रेय बँक्सला मिळायला हवं होतं तेवढंही मिळालं नाही, आणि त्याला तोच जबाबदार. सुमारे 30,000 नमुने आले, त्यांत 3,600 च्या आसपास जाती, आणि त्यातल्या 1,400 विज्ञानाला नव्या, असा नेहमी दिला जाणारा हिशोब आहे. सोलँडरची वर्णनं जवळपास तयार होती. बँक्सनं पाच चित्रकार लावून पार्किन्सनची अपुरी चित्रं पुरी करवली, अठरा कोरक्यांकडून 743 तांब्याचे पत्रे कोरून घेतले. आणि छापलं काहीच नाही. 1782 मध्ये सोलँडर वारला. बँक्स तोवर रॉयल सोसायटीचा अध्यक्ष, शंभर उद्योगांत गुंतलेला. आमच्याकडे नियम कडक आहे: नाव छापून प्रसिद्ध झालं तर ते नाव, हस्तलिखितातलं नाव कितीही आधीचं असो, त्याला अर्थ नाही. त्यामुळे सोलँडरनं टेबलावर बसून दिलेली शेकडो नावं अधांतरी राहिली आणि त्याच वनस्पतींना पुढे दुसऱ्यांनी नावं दिली. साखळीतली शेवटची कडी, छापणं, कधी जोडलीच गेली नाही. तांब्याचे पत्रे म्युझियममध्ये पडून राहिले, आणि त्यांवरून रंगीत छपाई झाली ती 1980 ते 1990 या दहा वर्षांत.

बँक्सच्या बाजूनं एवढं नक्की म्हणेन की त्यानं संग्रह कुलपात ठेवला नाही. सोहो स्क्वेअरमधलं त्याचं घर, ग्रंथालय आणि हर्बेरियम अभ्यासकांना खुलं असायचं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गनं कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींची चित्रं हिंदुस्थानातून पाठवली तेव्हा त्यातली छापायची कोणती हे बँक्सनंच निवडलं. ती चित्रं काढणारे हिंदुस्थानी चितारी होते आणि त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पार्किन्सनचं निदान नाव तरी राहिलं.

विचारणाऱ्यानं ओघात दुसऱ्या सफरीबद्दलही विचारलं आहे, ते थोडक्यात. बँक्सला पुन्हा जायचं होतं, आणखी मोठा लवाजमा घेऊन, त्यात शिंग वाजवणारेसुद्धा. त्यांच्यासाठी रेझोल्यूशन जहाजावर वरचा मजला चढवला तेव्हा ते इतकं डगमगू लागलं की नौदलानं तो मजला काढून टाकला. बँक्स रागावून बाहेर पडला आणि सोलँडरला घेऊन आइसलँडला गेला. त्याच्या जागी 1772 मध्ये योहान राइनहोल्ड फोर्स्टर आणि त्याचा मुलगा गेऑर्ग गेले. थोरला फोर्स्टर भांडखोर होता, जहाजावर कुणाशीच त्याचं पटलं नाही, पण परतल्यावर तीन-चार वर्षांत बापलेकांनी आपलं काम छापून काढलं. म्हणून दक्षिण पॅसिफिकच्या कित्येक वनस्पतींच्या नावांमागे आज, नाव देणारा म्हणून, फोर्स्टर असं लिहिलेलं असतं, त्यातल्या काही बँक्स-सोलँडरनी आधी गोळा केलेल्या असूनही.